भांडवलाची आशा आणि रुग्णाची आशा

शेअरबाजाराच्या भाषेंत आशावाद हा मोजतां येणारा पदार्थ आहे. एखाद्या कंपनीच्या शेअरचा भाव सकाळीं एक असतो व सायंकाळीं दुसरा असतो. या दोहोंमधील अंतर म्हणजे गुंतवणूकदारांची त्या दिवसापुरती आशा किंवा निराशा. आजारी मुलाच्या उशाशीं बसलेल्या आईची आशा मात्र कोणत्याही भावफलकावर लिहिली जात नाहीं. एरवीं या दोन आशांची गांठ पडण्याचें कारण नसतें. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत दुर्मिळ आनुवंशिक रोगांवरील औषधांच्या संशोधनांत त्या दोन्ही एकाच गाड्याला जुंपल्या गेल्या आहेत. तो गाडा कोठें वेगानें धांवतो, कोठें अडतो आणि शेवटीं कोणाच्या दारांत जाऊन उभा राहतो, हें समजून घेण्यास सिस्टिक फायब्रोसिस या रोगाचा इतिहास फार उपयोगीं पडतो.

प्रथम रोगाची ओळख करून घेणें इष्ट होईल. हा विकार मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. त्यांच्यांत साधारणतः दर २५ माणसांत एक मनुष्य या रोगाचें बीज अंगीं बाळगतो. पण त्याला स्वतःला कांहींच त्रास नसतो. याचें कारण असें कीं, प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मनुष्यास मिळतात, एक पित्याकडून व एक मातेकडून. एक प्रत सदोष असली तरी दुसऱ्या चांगल्या प्रतीवर शरीराचें काम भागतें. आईबाप दोघेही असे वाहक असले, तर मात्र प्रत्येक अपत्याच्या बाबतींत चारांत एक एवढा संभव असतो कीं, दोन्ही सदोष प्रती त्याच्याच वाट्यास याव्या आणि मूल रोगी निपजावें. अमेरिकेंत अशा रुग्णांची संख्या सुमारे ४० हजार आहे.

न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन या विदुषीनें १९३८ सालीं या रोगाचें पहिलें सविस्तर वर्णन केलें. पुढें १९४८ च्या उन्हाळ्यांत त्याच शहरांत उष्णतेची लाट आली, तेव्हां उष्म्यानें ग्लानि येऊन रुग्णालयांत आणलेल्या बालकांत या रोगाचीं मुलें विशेष आढळलीं. डॉ. पॉल दि सँताग्नेझे यांनीं तो धागा धरून १९५३ सालीं दाखवून दिलें कीं, या मुलांच्या घामांत मीठ प्रमाणाबाहेर असतें. युरोपांतील जुन्या लोकांत अशी समजूत होतीच कीं, ज्या मुलाचा मुका घेतांना ओठांस खारट चव लागते, तें मूल फार काळ जगत नाहीं. लोकसमजुतीला शास्त्राची साक्ष मिळाली, आणि घामाची परीक्षा ही रोगनिदानाची कसोटी ठरली.

घाम खारट कां होतो, या प्रश्नांतच रोगाचें मर्म आहे. शरीरांतील कांहीं पेशींच्या आवरणांत क्लोराइड नामक क्षारकणांची ये-जा नियंत्रित करणारें एक सूक्ष्म दार असतें. हें दार १,४८० दुव्यांच्या एका प्रथिनाचें बनलेलें असून शास्त्रज्ञ त्यास सी. एफ. टी. आर. म्हणतात. दार नीट चालेनासें झालें कीं, क्षार आणि त्यामागोमाग पाणी यांचा मार्ग बिघडतो. फुप्फुसांतील जो स्राव पातळ व वाहता असावयाचा, तो डिंकासारखा चिकट होतो. त्यांत जंतु घर करतात, आणि श्वासनलिका वर्षानुवर्षें सुजत व झिजत जातात. स्वादुपिंडाचा रस आंतड्यांत पोहोंचत नाहीं, म्हणून खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं. १९५० च्या दशकांत अशीं मुलें शाळेंत जाण्याच्या वयापर्यंत क्वचितच जगत.

१९८९ सालच्या सप्टेंबरांत टोरांटो येथील लॅप-ची सुई व जॉन रिऑर्डन आणि मिशिगन येथील फ्रान्सिस कॉलिन्स यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह या रोगाचें जनुक शोधून काढल्याचें प्रसिद्ध केलें. सातव्या गुणसूत्रावरील त्या लांबलचक लेखांतून अवघीं तीन अक्षरें गळलेलीं असतात, आणि त्यामुळें प्रथिनाच्या सांखळींतील ५०८ वा दुवा नाहींसा होतो; बहुसंख्य युरोपीय रुग्णांच्या रोगाचें मूळ एवढेंच. जगभर आनंद झाला. दोष सांपडला, आतां सदोष जनुकाच्या जागीं निर्दोष जनुक नेऊन बसविलें कीं काम झालें, असें अनेकांस वाटलें. १९९३ सालीं सर्दीच्या एका विषाणूस निरुपद्रवी करून, त्याच्या पाठीवर चांगलें जनुक लादून तें रुग्णाच्या श्वासमार्गांत सोडण्याचा प्रयोग अमेरिकेंत झालाही.

परंतु फुप्फुस ही कांहीं उघडी ओसरी नव्हे. विषाणू व जंतू यांना हांकलून देण्यासाठींच तिची रचना झालेली आहे, आणि हा वाहक विषाणूही तिनें परक्यासारखाच वागविला. जें थोडें जनुक आंत पोहोंचलें, त्याचा परिणाम टिकला नाहीं. पुढें १९९९ सालीं पेनसिल्व्हेनिया येथें दुसऱ्याच एका आनुवंशिक विकारावरील अशा प्रयोगांत अठरा वर्षांचा एक तरुण दगावला, आणि जनुकोपचाराच्या सर्वच शाखांवर संशयाचें सावट पडलें. भांडवल जितक्या उत्साहानें आलें होतें, तितक्याच त्वरेनें तें मागें सरलें. या पहिल्या अध्यायाचा बोध साधा आहे. रोगाचें कारण कळणें आणि रोगावर औषध मिळणें या दोहोंमध्यें फार लांबचा रस्ता असतो, आणि बाजाराची आशा बहुधा तो रस्ता आहे त्यापेक्षां आंखूड धरून चालते.

दुर्मिळ रोगांकडे भांडवल मुळांत कां वळत नसे, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. एक नवें औषध बाजारांत आणण्यास दहा-पंधरा वर्षें लागतात, कोट्यवधि डॉलर खर्चीं पडतात, आणि मनुष्यांवरील प्रयोगांपर्यंत पोहोंचलेल्या औषधांपैकींही बहुतेक वाटेंतच गळतात. मधुमेहासारख्या रोगाचे रुग्ण कोट्यवधि असल्यामुळें एका यशानें नऊ अपयशें भरून निघतात. जेथें रुग्णच थोडे, तेथें हा हिशेब जुळत नाहीं. अशा निराधार औषधांस तिकडे 'अनाथ औषधें' असेंच नांव पडलें. त्यांना कोणी वाली मिळावा म्हणून अमेरिकन सरकारनें १९८३ सालीं एक कायदा केला. ज्या रोगाचे त्या देशांत २ लाखांहून कमी रुग्ण आहेत, त्यावर औषध काढणाऱ्या कंपनीस करांत सवलत आणि सात वर्षें विक्रीचा एकाधिकार मिळूं लागला. एकाधिकार म्हणजे किंमत ठरविण्याची मोकळीक. या कथेच्या पुढील भागांत जें चांगलें घडलें तें आणि जें खुपतें तेंही, या एका शब्दांतून निघालेलें आहे.

तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिस्टिक फायब्रोसिसकडे मोठ्या कंपन्या फिरकत नव्हत्या. तेव्हां पुढाकार घेतला तो रुग्णांच्या आईबापांनीं. १९५५ सालीं अशा पालकांनीं सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन या नांवाची संस्था स्थापिली होती. वर्गण्या व मदतफेऱ्या यांतून जमलेला पैसा ती रुग्णालयांना व विद्यापीठांना देत असे. संस्थेचे प्रमुख डॉ. रॉबर्ट बील यांच्या लक्षांत आलें कीं, विद्यापीठांतून ज्ञान निघतें, पण औषधाची गोळी निघत नाहीं. गोळी कारखान्यांतून निघते, आणि कारखानदाराला धोका नको असतो. मग त्याचा धोका आपणच कां उचलूं नये? १९९८ च्या सुमारास त्यांनीं सॅन डिएगो येथील ऑरोरा बायोसायन्सेस या लहानशा कंपनीशीं बोलणें लावलें, आणि २००० सालीं ४ कोटी डॉलरांच्या घरांतील करार केला. करारांत एक अट अशी होती कीं, औषध निघालेंच तर त्याच्या विक्रींतील कांहीं हिस्सा संस्थेस मिळावा. दानाला भागीदारीची जोड मिळाली ती येथें.

पुढल्याच वर्षीं, म्हणजे २००१ सालीं, बोस्टनजवळील व्हर्टेक्स या कंपनीनें ऑरोरा विकत घेतली, आणि हें काम तिच्याकडे आलें. पालकांची संस्था पैसा पुरवीत राहिली. एकूण रक्कम सुमारे १५ कोटी डॉलरपर्यंत गेली. बाजाराचें लक्ष मात्र दुसरीकडे होतें. व्हर्टेक्सकडून गुंतवणूकदारांची अपेक्षा होती ती हिपॅटायटिस-सी या यकृताच्या रोगावरील औषधाची, कारण त्या रोगाचे रुग्ण जगभर कोट्यवधि होते. तें औषध २०११ सालीं आलें, भराभर खपलें, आणि प्रतिस्पर्ध्यांचीं अधिक चांगलीं औषधें येतांच तीन वर्षांत विक्रींतून काढून घ्यावें लागलें. ज्या रोगावर भागधारकांची भिस्त होती, त्यानें कंपनीस हात दिला नाहीं. ज्या रोगाकडे त्यांचें लक्ष नव्हतें, त्यानेंच तिला वर काढलें. २०२४ सालीं व्हर्टेक्सचें उत्पन्न सुमारे १,१०० कोटी डॉलर झालें, आणि त्याचा बहुतांश सिस्टिक फायब्रोसिसच्या औषधांतून आला. सर्वांना जें दिसतें त्याच बाजूला भविष्य असतें, असें नाहीं.

औषध सांपडलें तें कसें, तेंही पाहण्यासारखें आहे. येथें जनुक बदलण्याचा आग्रह सोडून बिघडलेलें दारच दुरुस्त करण्याचा मार्ग धरला गेला. सुताराच्या दृष्टीनें दारांत तीन प्रकारचे दोष असूं शकतात. एक दार चौकटींत नीट बसलेलें असतें, पण त्याची कडी अडकल्यामुळें तें उघडत नाहीं. दुसरें घडवितांनाच वांकडें झालेलें असतें, म्हणून तें चौकटीपर्यंत न नेतां मोडींत टाकलें जातें. तीन अक्षरें गळालेल्या बहुसंख्य रुग्णांची स्थिति ही आहे. तिसऱ्या प्रकारांत दार मुळीं बनतच नाहीं. संशोधकांनीं यंत्रांच्या साहाय्यानें सव्वादोन लाखांहून अधिक रासायनिक संयुगें पेशींवर पारखून पाहिलीं, आणि त्यांतून अडकलेली कडी सोडविणारें आयव्हाकॅफ्टर हें औषध हातीं लागलें. ३१ जानेवारी २०१२ रोजीं 'कॅलिडेको' या नांवानें त्यास अमेरिकेंत मान्यता मिळाली. तें लागू पडे तें सुमारे ४ टक्के रुग्णांनाच. पण ज्यांना लागू पडलें, त्यांच्या घामांतील क्षार निम्म्यावर आला, आणि फुंकरीचें बळ २४ आठवड्यांत १० अंशांहून अधिक वाढलें. रोगाच्या लक्षणांवर नव्हे, तर मुळाशीं असलेल्या दोषावर चालणारें हें या रोगाचें पहिलें औषध होय. त्याची आरंभींची किंमत वर्षाला २ लाख ९४ हजार डॉलर ठेवण्यांत आली.

आतां भांडवलाचा आशावाद किती चंचल असतो याचें एक उदाहरण. २०१२ च्या मे महिन्याच्या ७ तारखेस व्हर्टेक्सनें दुसऱ्या प्रकारच्या दारावरील संयुक्त औषधाच्या प्रयोगाचे अर्धवट, म्हणजे मध्यंतरीचे, आंकडे जाहीर केले. त्या औषधानें ४६ टक्के रुग्णांच्या फुंकरीच्या बळांत ५ किंवा अधिक अंशांची, आणि ३० टक्के रुग्णांच्या बळांत १० किंवा अधिक अंशांची सुधारणा झाली, असें त्यांत म्हटलें होतें. एका दिवसांत शेअर सुमारे ५५ टक्क्यांनीं चढला. तीन आठवड्यांनीं, २९ मे रोजीं, कंपनीनें दुरुस्ती प्रसिद्ध केली. खरे आंकडे ४६ च्या जागीं ३५ आणि ३० च्या जागीं १९ असे होते. आंकडेमोड करणाऱ्या बाहेरील संस्थेशीं गैरसमज होऊन एका प्रकारची टक्केवारी दुसऱ्या प्रकारची म्हणून छापली गेली होती. शेअर दहा-अकरा टक्क्यांनीं उतरला.

ही चूक कोणत्या जातीची, हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें समजून घ्यावें, कारण वृत्तपत्रांतून ती वारंवार भेटते. समजा, निरोगी माणसाच्या फुंकरीचें बळ १०० मानलें, आणि रुग्णाचें ५० आहे. औषधानें तें ५५ झालें. वाढ किती झाली? शंभराच्या मापानें ५ अंश झाली. पण रुग्णाच्या मूळच्या ५० शीं तुलना केली तर तीच वाढ १० टक्के ठरते. दोन्ही उत्तरें गणितदृष्ट्या बरोबर आहेत. तथापि एकाच्या नांवावर दुसरें सांगितलें, तर निम्मी सुधारणा दुप्पट भासते. रुग्णाच्या छातींत या दोन उत्तरांमुळें एक श्वासही कमीअधिक होत नाहीं. शेअरच्या भावांत मात्र शेंकडों कोटींचा फरक पडतो. बाजार वाढला म्हणून औषध सुधारलें नव्हतें, आणि बाजार उतरला म्हणून तें बिघडलेंही नव्हतें. तें जेवढें होतें तेवढेंच होतें.

तें केवढें होतें, हें कालांतरानें कळलेंच. हें संयुक्त औषध 'ऑर्कम्बी' या नांवानें २०१५ सालीं आलें. शेवटच्या मोठ्या प्रयोगांत त्यानें फुंकरीचें बळ सरासरी तीन-चार अंशांनींच वाढविलें होतें. किंमत मात्र वर्षाला २ लाख ५९ हजार डॉलर होती. परंतु संशोधन तेथें थांबलें नाहीं. वांकडें दार सरळ करणारीं आणखी दोन औषधें आयव्हाकॅफ्टरच्या जोडीस देऊन 'ट्रिकाफ्टा' तयार झालें, व ऑक्टोबर २०१९ मध्यें त्यास मान्यता मिळाली. त्यानें बळ सुमारे १४ अंशांनीं वाढतें, आणि तें सुमारे ९० टक्के रुग्णांस उपयोगीं पडेल असा अंदाज होता. फुप्फुस बदलण्याच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणारे कांहीं रुग्ण त्या यादींतून आपलें नांव काढून घेऊं शकले. ज्या रोगांत पूर्वीं शाळेचें वय गांठणें कठीण होतें, त्या रोगाच्या अमेरिकेंत नुकत्याच जन्मलेल्या मुलांचें आयुर्मान आतां साठ वर्षांच्या आसपास वर्तविलें जातें. आधुनिक वैद्यकाच्या इतिहासांत एवढें मोठें यश थोड्याच आनुवंशिक रोगांत आलें आहे, हें निःसंशय मान्य केलें पाहिजे.

पण याच यशाच्या पोटीं एक अवघड प्रश्न जन्मास आला. २०१४ च्या नोव्हेंबरांत पालकांच्या संस्थेनें आपला विक्रींतील हिस्सा एका गुंतवणूक कंपनीस ३३० कोटी डॉलरांस विकला. पंधरा कोटी घालून तीनशें तीस कोटी मिळविले, असा हा सौदा. संस्थेनें तो पैसा पुन्हा संशोधनास व रुग्णसेवेस लावण्याचें ठरविलें, त्यामुळें कोणाच्या खिशांत तो गेला असें म्हणतां येत नाहीं. तथापि टीकाकारांनीं विचारलें कीं, ज्या संस्थेचें उत्पन्न औषधाच्या किमतीवर अवलंबून आहे, ती संस्था रुग्णांच्या बाजूनें किंमत उतरविण्यासाठीं कशी भांडणार? कांहीं डॉक्टरांनीं तर औषध आलें त्याच वर्षीं कंपनीस पत्र लिहून किमतीबद्दल तीव्र नापसंती कळविली होती. संस्थेच्या बाजूचें उत्तरही दुर्लक्ष करण्याजोगें नाहीं. तिनें भागीदारी केली नसती, तर किंमत ठरविण्याजोगें औषधच निघालें नसतें. या वादांत एक पक्ष खरा व दुसरा खोटा असें नाहीं; दोन्ही पक्ष खरे आहेत, आणि म्हणूनच तो सुटत नाहीं.

किमतीचा हा प्रश्न अमेरिकेबाहेर अधिक कडवट झाला. इंग्लंडांत ऑर्कम्बीची किंमत परवडण्यासारखी नाहीं, असा निर्णय २०१६ सालीं तेथील सरकारी परीक्षक संस्थेनें दिला. त्यानंतर सरकार व कंपनी यांची घासाघीस तीन वर्षें चालली, आणि करार झाला तो ऑक्टोबर २०१९ मध्यें. या अवधींत औषध अस्तित्वांत होतें, रोग अस्तित्वांत होता, परंतु दोघांची गांठ पडत नव्हती. ट्रिकाफ्टाची आरंभींची अमेरिकन किंमत वर्षाला ३ लाख ११ हजार डॉलर होती. उलट २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा कीं, मोठ्या प्रमाणावर बनविलें तर तेंच औषध सुमारे ५,७०० डॉलरांत वर्षभर पुरवितां येईल. उत्पादनाच्या खर्चांत संशोधनाचा व फसलेल्या प्रयोगांचा खर्च येत नाहीं, हें खरें. तरीही या दोन आंकड्यांमधील दरी केवळ त्या खर्चानें बुजत नाहीं. एकाधिकाराची कसर तेथें दिसते. अर्जेंटिनांतील कारखान्यांनीं या औषधांच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या, आणि दूरदूरच्या देशांतील कांहीं कुटुंबें त्या मागवूं लागलीं. २०२३ च्या आरंभीं भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील व युक्रेन या देशांतील रुग्णांच्या वतीनें पेटंटाच्या अडसराविरुद्ध दाद मागण्यांत आली.

भारताचें नांव या यादींत पाहून कित्येकांस आश्चर्य वाटेल. हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, तो आपल्याकडे नाहींच, असा समज येथें पुष्कळ वर्षें होता. १९६० नंतर भारतीय डॉक्टरांनीं असे रुग्ण नोंदविण्यास प्रारंभ केला, आणि तो समज हळूहळू मावळला. वारंवार खोकला, वजन न वाढणें, तेलकट शौच हीं लक्षणें दिसलीं कीं आपल्याकडे क्षय, दमा अथवा कुपोषण यांची शंका प्रथम येते, आणि घामाची परीक्षा थोड्याच ठिकाणीं होते. त्यामुळें कित्येक मुलांच्या रोगास नांवच मिळत नसावें. शिवाय भारतीय रुग्णांत तीन अक्षरें गळण्याचा तो प्रसिद्ध दोष युरोपियनांच्या मानानें बराच कमी आढळतो. म्हणजे ज्या दोषासाठीं पाश्चात्य भांडवलानें एवढी मेहनत घेतली, तो आपल्या रुग्णांच्या थोड्याच भागास लागू पडतो. भांडवल दिव्याखालीं पाहतें, आणि दिवा तेथें असतो जेथें ग्राहक असतो.

भारत सरकारनें २०२१ सालीं दुर्मिळ रोगांविषयींचें राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. निवडक रुग्णालयांना उत्कृष्टता केंद्रें म्हणून मान्यता मिळाली, मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय त्यांपैकीं एक आहे. आरंभीं मदतीची मर्यादा २० लाख रुपये होती. २०२२ सालीं ती ५० लाखांवर नेण्यांत आली. ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु ज्या औषधाची परदेशांतील वर्षाची किंमत अडीच कोटी रुपयांहून अधिक भरते आणि जें जन्मभर घ्यावें लागतें, त्याच्यापुढें ही रक्कम दोन-अडीच महिन्यांची शिदोरी ठरते. म्हणून येथील प्रश्न केवळ सरकारी औदार्याचा नाहीं. तो किमतीचा, पेटंटाचा आणि स्वदेशी संशोधनाचाही आहे.

राहिली ती तिसऱ्या प्रकारच्या दाराची गोष्ट. ज्या रुग्णांच्या पेशींत दार बनतच नाहीं, त्यांना कडी सोडविणारें अथवा वांकडें दार सरळ करणारें औषध काय उपयोगाचें? त्यांच्यासाठीं दार बनविण्याचा हुकूमच पेशींत पोहोंचवावा लागतो. श्वासावाटे असा रासायनिक निरोप धाडण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यांपैकीं ट्रान्सलेट बायो या कंपनीनें मार्च २०२१ मध्यें कळविलें कीं, आपल्या प्रयोगांत फुप्फुसाच्या कार्यांत सुधारणा दिसली नाहीं. लगेच तिचा शेअर कोसळला. भागधारकानें त्या दिवशीं तोटा सोसला, शेअर विकला, आणि दुसऱ्या कंपनीकडे वळला. रुग्णाला तसें वळतां येत नाहीं. तो आपल्या रोगांतील समभाग विकूं शकत नाहीं. दोन आशांमधील खरें अंतर हेंच आहे. एकीला बाहेर पडण्याचा दरवाजा आहे, दुसरीला नाहीं.

याचा अर्थ भांडवलाचा आशावाद निंद्य आहे असा नव्हे. त्याच्यावांचून सव्वादोन लाख संयुगें कोणी पारखलीं नसतीं, आणि हजारों मुलें आज तरुण झालेलीं दिसलीं नसतीं. परंतु तो इंधन आहे, दिशादर्शक नव्हे. सिस्टिक फायब्रोसिसच्या इतिहासांत दिशा दाखविली ती ज्यांना त्या रोगांतून बाहेर पडण्याचा मार्गच नव्हता अशा आईबापांनीं. भांडवल मागाहून आलें, आणि येतांना आपली किंमत सांगून आलें. आजकाल मध्यम वर्गांतील पुष्कळ कुटुंबांची शिल्लक म्युच्युअल फंडांच्या वाटेनें अशाच कंपन्यांत जाते, आणि त्याच कुटुंबांपैकीं एखाद्याच्या घरीं उद्यां दुर्मिळ रोगाचें मूल जन्मूं शकतें. तेव्हां नव्या औषधाची वार्ता वाचतांना शेअर किती चढला हें शेवटीं पाहावें. आधीं पाहावें तें हें कीं, प्रयोग किती माणसांवर झाला, सुधारणा कोणत्या मापानें मोजली, औषध कोणत्या रुग्णांस लागू पडत नाहीं, आणि तें कोणत्या किमतीस मिळणार आहे. या चार प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तरच ती वार्ता रुग्णाच्या आशेची म्हणावी; नाहीं तर ती केवळ बाजाराची वार्ता होय.